नाव काढणं

नोकरीत मी नेमकं काय करते हे आप्पांना समजावून सांगण्यात माझी काही वर्षं गेली, आणि ज्या दिवशी त्यांना ते समजलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते कळंबा तलावावर सगळ्यांना सांगून टाकलं. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे जे दिसत नाही, वाजत नाही आणि ज्यानं हात काळे होत नाहीत, त्याला ते काम मानायलाच तयार नसत. मशीन कुठं आहे ते तरी दाव, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. मशीन सातासमुद्रापार होतं, ते मी कुठून दाखवणार?

नव्वदच्या दशकात मी मुंबईत मेनफ्रेमवर, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर, शिकले आणि राबले, मग पुण्याला आले. दोन हजार साल उलटल्यावर आमच्या कंपनीनं कोल्हापुरात राजारामपुरीत, एका साड्यांच्या दुकानाच्या वर, चार टेबलांचं ऑफिस थाटलं. बाकीच्यांनी नाकं मुरडली, मी मात्र भांडून बदली मागून घेतली. भांडण मला जमतं. खाली बायका लग्नाचे शालू पसंत करत असायच्या आणि वर मी एका परदेशी विमा कंपनीच्या मशीनमधले म्हातारे प्रोग्रॅम घरी पाठवत असायचे.

आप्पांना मी सांगितलं ते असं. खूप मोठी मशीनं एकत्र जोडलेली असतात. त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात, आणि बोलता यावं म्हणून आपापले गट करतात. गटात यायचं तर नाव सांगून यायचं. कोण आलं, कोण गेलं, कोण गप्प झालंय, हे बाकीच्यांना कळवणारी एक व्यवस्था त्या मशीनांतच असते. एखादा प्रोग्रॅम जुना झाला की त्याला गटातून काढावं लागतं, पण असं की बाकीच्यांचं बोलणं मध्येच तुटू नये. ते काढण्याचं काम माझं.

आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, म्हणजे तू त्यांची नावं काढतीस? मी म्हटलं हो, तेच. मग ते प्रसन्न हसले आणि दुसऱ्या दिवशी तलावावर सांगून आले, आमची पोरगी नाव काढती, अगदी खरोखरचं, पगार घेऊन काढती. मराठीत पोरीनं नाव काढलं की बापाची मान ताठ होते. माझ्या ऑफिसात नाव काढलं की नाव पुसलं जातं. आप्पांना दोन्ही अर्थ कळत होते. त्यांनी त्यातला आपल्या सोयीचा उचलला, झालं.

तलाव म्हणजे कळंब्याचा. कोल्हापूरच्या कडेला, कळंबा जेलच्या पलीकडं, पहाटे धुकं असतं तिथं. आप्पा आणि त्यांच्या वयाचे काही गडी वर्षानुवर्षं तिथं पोहायला जायचे. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर त्यांचे म्होरके. बाकीच्यांत आमच्या घरी दूध घालणारे काका होते, एक शिंपी होते, एक कोर्टातले कारकून होते. या गटाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, फलक नव्हता. नियम मात्र एक होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. उतरताना मास्तरांना सांगायचं, निघतानाही सांगायचं, आणि शेवटी मास्तर काठावर उभे राहून एकेकाचं नाव घेऊन हाक मारत. सगळ्यांचा ओ आल्याशिवाय कुणी कपडे घालायचे नाहीत.

हा नियम कसा पडला ते आप्पा रंगवून सांगायचे. त्या शिंप्यांना एकदा पाण्यातून बाहेर आल्यावर भूक लागली. कुणाची तरी स्कूटर शहराकडं निघाली होती, तिच्यावर मागं बसून ते न सांगता मिसळ खायला गेले. इकडं हाक मारली तर ओ नाही. सगळे पुन्हा पाण्यात. बुड्या मारून मारून लोकांचे डोळे लाल झाले, मास्तर तर रडायला लागले. एवढ्यात शिंपीबुवा काडीनं दात कोरत हजर. त्यांना अंगावरच्या कपड्यांसकट, घड्याळासकट तलावात फेकण्यात आलं. तेव्हापासून सगळ्यांच्या कानाला खडा.

ऑफिसात नवी पोरं आली की मी त्यांना हीच गोष्ट सांगायचे. गटातून जायचे मार्ग तीन, असं मी म्हणायचे. पहिला, प्रोग्रॅमनं स्वतः सांगून निघायचं. मग त्याचं नाव पुसलं जातं आणि इतरांना तसं कळतं. दुसरा, काम बंद करायचं पण नाव राहू द्यायचं, म्हणजे हा सध्या कामावर नाही पण आपला आहे, हे गट विसरत नाही. तिसरा, बाहेरून कुणीतरी त्याला काढायचं. आणि जो न सांगताच गेला, तो चौथा, म्हणजे शिंपी. त्याच्यापायी बाकीचे बुड्या मारत बसतात.

मला त्या व्यवस्थेतली सगळ्यांत आवडणारी गोष्ट आणखी वेगळी होती. प्रत्येक मेंबरनं थोड्या थोड्या वेळानं आपली खुशाली कळवायची असते. ती आली नाही, तरी व्यवस्था लगेच त्याला मेलेला ठरवत नाही. ती आधी विचारते, बाबा, आहेस ना? त्याचं काय उत्तर येतं, येतं की नाही, ते बघून मगच बाकीच्यांना सांगते. माणसांत एवढी रीत नाही. माणसं आधी समजून बसतात आणि मग विचारतच नाहीत.

एका हिवाळ्यात आप्पांचा डावा हात पाण्यातच जड झाला. त्यांनी ओरडायच्या आत मास्तरांनी आणि दूधवाल्या काकांनी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि ओल्या अंगानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हृदयाचं दुखणं निघालं. जीव वाचला. डॉक्टरांनी आधी पडून राहायला सांगितलं, पुढं थोडं चालायला सांगितलं. पाण्याचं विचारल्यावर ते म्हणाले, मी हो म्हणेपर्यंत नाही, आणि मी हो म्हणेन असंही समजू नका.

आप्पा घरात पडून राहिले. सुरुवातीला ते वाट बघत होते. सकाळी फाटक वाजलं की मान उचलायचे. पण तलावावरचं कुणी आलं नाही. फक्त दूधवाले काका रोज यायचे, तेही दारातून दूध मापून घाईनं परत. आप्पांनी हळूहळू मान उचलायचं सोडलं. जेवताना चिडायला लागले, रेडिओ लावला की बंद करा म्हणायला लागले. चालायची परवानगी मिळाल्यावर ते रोज चालायला जायचे, पण कळंब्याच्या उलट दिशेला. मला वाटलं, पाणी दिसलं की मोह होईल म्हणून करत असतील. शहाणपणाचंच करताहेत असं मी आईला म्हणालेसुद्धा.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरात चहाची नवी कोरी गाळणी. आई म्हणाली, ह्यांनी बोहारणीला दिलं काहीतरी. काय दिलं? तर पोहायची चड्डी आणि तो जाडजूड टॉवेल, जो मी मुंबईच्या पहिल्या पगारातून आणला होता, ज्याला ते आम्हाला हातही लावू देत नसत. मी ताडताड बाहेरच्या खोलीत गेले. टॉवेल का दिला म्हणून विचारलं. आप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "लागतोय कुणाला? नाव काढलं माझं. मेंबर न्हाय मी आता."

कुणी सांगितलं? दूधवाल्यानं. काय म्हणाला? दूध मापताना म्हणाला, काल तलावावर तुमचं नाव काढलं आप्पा.

माझी तर तळपायाची आग मस्तकाला गेली. दिवसभर मी पुसायचंच काम करत होते, त्यामुळे त्या शब्दाला आणखी काही अर्थ असेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही. पोरगी नाव काढती म्हणून गावभर मिरवणारा माणूस तोच, शब्दही तोच. पण माणूस उभा असला की शब्द एका अंगानं ऐकतो आणि आडवा पडला की दुसऱ्या. त्यांनी एकदाही उलटून विचारलं नव्हतं. इतके दिवस मूग गिळून बसले होते. आणि ती माणसं तरी कसली, असं मला वाटलं. ज्याला पाण्यातून ओढून काढलं, त्यालाच गटातून काढलं, आणि ते सांगायला पाठवलं कुणाला, तर दूधवाल्याला, मापाबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता स्कूटर काढली आणि कळंबा गाठला. मला लांबून बघून काठावर अंग पुसत असलेली सगळी मंडळी टॉवेल टाकून परत पाण्यात शिरली. बाईमाणूस येताना दिसल्यावर करतात काय बिचारी. त्यामुळे आमचं जे काही बोलणं झालं ते असं झालं, की मी काठावर कंबरेवर हात ठेवून आणि मास्तर गळ्याइतक्या पाण्यात.

मी नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ विचारलं, "तुम्ही आप्पांचं नाव काढलंत?"

"काढलं की," मास्तर म्हणाले. "रोज काढतो."

रोज! मी म्हटलं, आजारी माणसाचं नाव काढताना तुम्हाला काही वाटलं नाही? मास्तर गोंधळले. त्यांनी मागं वळून बाकीच्या मुंडक्यांकडं पाहिलं.

"अगं बाई, आजारी हाय म्हणूनच काढतो की."

मी अजून दोन वाक्यं सुनावणार होते, तेवढ्यात दूधवाल्या काकांचं मुंडकं पुढं आलं आणि त्यांनी समजावून सांगितलं. मास्तर हाक मारत जातात, ज्याचं नाव घेतलं तो ओ देतो. आप्पांचं नाव आलं की मास्तर तेही घेतात, आणि सगळे मिळून म्हणतात, घरी हाय. एकही दिवस चुकलेलं नाही. का म्हणून? तर मास्तरांनी सांगितलेलं कारण अगदी रुक्ष होतं. हाकेची रांग पाठ झालेली असते, मधलं एक नाव गाळलं की पुढच्या सगळ्यांची गडबड होते, आणि पाण्याच्या कामात गडबड चालत नाही.

मला रडू आलं, आणि एवढ्या लोकांपुढं रडू आलं म्हणून मास्तरांचाच राग आला. मी म्हटलं, मग घरी का आला नाहीत कुणी? सगळी मुंडकी काकांकडं वळली. शेवटी काका म्हणाले, वहिनींना विचारा.

घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. तुला बघून त्यांनी सारवासारव केली असणार, म्हणाले. तसं असतं तर एकजण तरी आला असता की. तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नाही ती. तिनं सांगून टाकलं, की मीच दूधवाल्यांना नको म्हटलं होतं. तुम्ही मंडळी आलात की ह्यांचा जीव तलावाकडं ओढ घेईल, आणि मग मी एकटी ह्यांना कशी धरू, असं म्हटलं होतं. ती हे बोलताना पदराचं टोक पिळत होती. आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता भडकतील. ते फक्त म्हणाले, एवढं व्हय, आणि उठून परसात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर जायला ते माझ्या आधी तयार होते. साधा पायजमा, सदरा, वरून स्वेटर. पोहायचे कपडे नव्हतेच. आईनं दारात बजावलं, पाण्यात उतरलात तर मी गडहिंग्लजला माहेरी निघून जाईन, परत न्यायला येऊ नका. तिचं माहेर आता नावालाच उरलं होतं, भाऊ सगळे पुण्याला गेलेले. पण धमकी खरी होती, कारण भीती खरी होती. माझ्याकडं बघून ती म्हणाली, लक्ष ठेव. मी हो म्हटलं, पण आप्पांनी पाण्यात उडी घेतली तर मी नेमकं काय करणार होते, ते मला आजही माहीत नाही.

तलावावर आम्ही पोचलो तेव्हा मंडळी उतरायच्या तयारीत होती. मी स्कूटरपाशी झाडाखाली थांबले, त्यांना संकोच नको म्हणून पाठ अर्धी फिरवून. ऐकू मात्र सगळं येत होतं. कोल्हापूरचा माणूस कुजबुजला तरी चार घरं ऐकतात. आप्पांना बघून कुणी गळ्यात पडलं नाही. शिंप्यांनी विचारलं, काय आप्पा, वहिनींनी सोडलं व्हय? आप्पा म्हणाले, सोडलं न्हाय, पहारा दिऊन पाठवलंय. सगळे माझ्याकडं बघून हसले.

मग आप्पांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि ते पाण्याकडं गेले. घोट्याएवढं पाणी आलं तसे उभे राहिले. मी झाडाखालून दोन पावलं पुढं झाले. ते पुढं गेले असते तर मास्तरांनी अडवलं नसतं, कुणीच नसतं, कारण कुणी कुणाला पाण्याला नको म्हणायचं नाही अशीच ती माणसं. थांबवायचं तर आप्पांनीच स्वतःला. ते खाली पाण्यात बघत होते. वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या आवाजाला कान लावून उभे राहायचे, तसे. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी अजून मानलेलं नव्हतं. आता ते स्वतःच तपासत होते.

बऱ्याच वेळानं ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, मी आता थांबतो."

पाण्यात असलेले तिथंच उभे राहिले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. आयुष्यभर मी प्रोग्रॅमना नीट जायला शिकवलं, पण माणूस आपल्या तोंडानं जायचं सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचं काय होतं, ते मला माहीतच नव्हतं. मला एकदम वाटलं, आपण त्यांना इथं आणायलाच नको होतं. घरी रागात होते तेच बरं होतं. रागावलेल्या माणसाला निदान परत जायची जागा तरी असते.

मास्तर गुडघाभर पाण्यात गेले होते. ते परत फिरले, पाणी ढवळत बाहेर आले आणि आप्पांच्या समोर उभे राहिले.

"थांबा की. कोण नगं म्हणतंय?" ते म्हणाले. "पर घरात नगं. हितं थांबा."

आणि त्यांनी नाकावरचा चष्मा काढून आप्पांच्या हातात दिला. मग मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मग तोंडात बोटं घालून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि तीही दिली. चपलेत ठेवली की रोज वाळू जाते, असं काहीतरी ते बोळक्या तोंडानं म्हणाले, नीट कळलं नाही. त्यांच्या मागून शिंपी आले, त्यांनी चष्मा आणि सोन्याची अंगठी दिली. कारकुनांनी कानातलं ऐकायचं यंत्र दिलं आणि ते कसं धरायचं हे बजावलं. दूधवाल्या काकांकडं देण्यासारखं काही नव्हतं, तर त्यांनी तंबाखूची डबी दिली. मग एकेकानं आप्पांना उतरलो म्हणून सांगितलं आणि सगळे पाण्यात गेले.

आप्पा ओंजळ करून उभे होते. मी जवळ गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता. मी पदर पुढं केला तर त्यांनी मान मागं घेतली. नजर तलावावरून हलत नव्हती, ओठ हलत होते, बहुतेक डोकी मोजत होते.

मी म्हटलं, आप्पा, ऊन वर यायच्या आत घरी जाऊ या, आई वाट बघत असेल.

"तू जा ऑफिसला," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "ही सगळी भाईर आल्याबिगर मला येता यायचं न्हाय."